कुरेनेकर शिमोनाची चाळीस पावलं

लेओनार्ड सेबुग्वावो यांना फक्त चाळीस पावलं चालायचं होतं. पेट्रोल पंपापासून हाजींच्या हार्डवेअरच्या दुकानापर्यंत. एवढ्याशा अंतरासाठी माणूस घरातली चप्पलसुद्धा बदलत नाही. पण हे अंतर कापायला त्यांना तीन आठवडे लागले आणि त्यातून सावरायला किती लागतील हे डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही.

सुरुवात फादर अकिलेओंनी केली. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाचा तिसरा आठवडा चालू होता. लेओनार्ड व्हरांड्यात बसून रस्त्याकडे बघत होते. तेहतीस वर्षं त्यांनी जमीन-नोंदणीच्या कचेरीत लोकांना ‘उद्या या’ असं सांगण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता ‘आज येऊ का?’ असं विचारणाराही कुणी उरला नाही. म्हणून फादरांची मोटारसायकल फाटकात थांबली तेव्हा त्यांना बरं वाटलं. तिथंच चुकलं.

“सालोंगो, एक छोटंसं काम होतं,” फादर म्हणाले. लेओनार्डना जुळ्या मुली, म्हणून सगळं गाव त्यांना सालोंगो म्हणे आणि त्यांच्या बायकोला, पर्पेचुआबाईंना, नालोंगो. मुली मोठ्या होऊन कंपालाला नोकरीला गेल्या, पण हा किताब एकदा चिकटला की पेन्शनसारखा शेवटपर्यंत चालू राहतो.

“फादर, तुमच्या छोट्या कामांची मला धास्ती वाटते.” मागचं छोटं काम चर्चमधल्या खुर्च्या मोजण्याचं होतं. ते चार महिने चाललं होतं, कारण अर्ध्या खुर्च्या गावभरच्या लग्नांत आणि मयतीत फिरत होत्या.

“नाही, हे खरंच छोटं आहे. गुड फ्रायडेला शिमोन व्हायचं.”

दर गुड फ्रायडेला चर्चपासून टेकडीवरच्या छोट्या देवळापर्यंत क्रूसाच्या वाटेची मिरवणूक निघायची. साडेतीन किलोमीटर, चौदा थांबे. येशू व्हायचा देओग्रासियस न्हावी, कारण गावात तशी दाढी दुसऱ्या कुणाची नव्हती. गायनवृंदातली पोरं रोमन सैनिक व्हायची. आणि पाचव्या थांब्याला, क्रूस पेलवेना म्हणून, सैनिक गर्दीतल्या एका वाटसरूला धरून त्याच्या खांद्यावर तो क्रूस देत. तो वाटसरू म्हणजे कुरेनेकर शिमोन. येशूच्या भूमिकेपेक्षाही या भूमिकेला गावात जास्त मान होता. कारण कुरेने हे गाव आफ्रिकेतलं. फादर दरवर्षी प्रवचनात विचारायचे, “अख्ख्या जेरुसलेमातून प्रभूच्या मदतीला कोण आलं?” आणि सगळं चर्च ओरडायचं, “आपला माणूस!”

“पण शिमोन तर मुत्याबा मास्तर होतात ना?” लेओनार्ड म्हणाले.

“अकरा वर्षं तेच झाले. आता गुडघा गेलाय. डॉक्टरांनी मनाई केलीय.” फादरांनी हेल्मेट चढवलं. “त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही शेजारी आहात, हळूच सांगून टाका. आणि हो, पोलिसांकडे मिरवणुकीचा अर्जही तेवढा लिहा. सरकारी भाषा तुम्हालाच येते.”

अशा रीतीने एका छोट्या कामाची फाटकातच तीन कामं झाली.

मास्तरांना हळूच सांगण्याची वेळच आली नाही. संध्याकाळी ते स्वतःच काठी टेकत आले, खुर्चीत बसले आणि पर्पेचुआबाईंनी पुढे केलेला चहा त्यांनी बाजूला सरकवला. निवृत्त मुख्याध्यापकाने चहा नाकारला की समजावं, प्रकरण चिघळलंय.

“ऐकतो ते खरं आहे तर,” मास्तर म्हणाले. “बरं. शिमोन कुठून येत होता?”

“शेतातून,” लेओनार्ड म्हणाले.

“शेतात काय करत होता?”

“ते बायबलात लिहिलेलं नाही, मास्तर.”

“लिहिलेलं नाही, पण तोंडावर दिसावं लागतं! शिमोन आपखुशीने आला नव्हता, क्लार्कसाहेब. त्याला ओढून आणला. म्हणजे आधी नाही म्हणायचं. कसं म्हणाल?”

“नाही.”

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. “हे ‘उद्या या’ म्हणणं झालं. मी अकरा वर्षं डाव्या पायाने नाही म्हटलंय. पाय मागे, मान वर, आणि नजर बायकोकडे, घरी जेवायला वाट बघतेय अशी. लोक रडायचे.” मग ते उठले. पायरीवर गुडघ्यात कळ आली, तेव्हा लेओनार्डनी हात पुढे केला. मास्तरांनी तो डाव्या पायाने नाकारला.

बातमी गल्लीभर झाली आणि सल्ले यायला लागले. कोळसेवाल्या बाईंनी रोज पहाटे कोमट पाण्यात मध घ्यायला सांगितलं. शिंप्याने खांद्यावर कापसाची गादी शिवून देतो म्हटलं. पण ती बाहेरून दिसली तर शिमोन कुबडा होता असा समज होईल, म्हणून तो विचार सोडला. पर्पेचुआबाईंनी सल्ला दिला नाही. त्यांनी तालीम सुरू केली.

“अहो, एवढा केळ्यांचा घड बाजारातून खांद्यावर आणा. सराव होईल.”

दोन आठवड्यांत लेओनार्डनी सरावासाठी अकरा घड केळी, रोज पाण्याचे चार कॅन, सरपणाच्या मोळ्या आणि एकदा मेहुणीचं शिवणयंत्र वाहिलं. उपासकाळ असल्याने पोटात उकडलेले घेवडे. ‘चाळीस पावलांसाठी एवढं?’ असं त्यांनी एकदा विचारून पाहिलं. “प्रभू तर तुमच्यासाठी सगळी वाट चालला,” पर्पेचुआबाई म्हणाल्या आणि दुसरा कॅन पुढे केला. या युक्तिवादाला कचेरीच्या कुठल्याच परिपत्रकात उत्तर नव्हतं.

मग अर्ज. लेओनार्डना वाटलं होतं, इथे तरी आपण घरच्या मैदानावर आहोत. त्यांनी दोन पानी सुबक अर्ज लिहिला, वॉर्डाचे अध्यक्ष असलेल्या हाजींचा शिक्का आणला आणि पोलीस ठाण्यात टेबलावर ठेवला. टेबलापलीकडचा अंमलदार नवीन होता, तरुण होता, आणि कामाच्या बाबतीत भयंकर प्रामाणिक होता. त्याने अर्ज शेवटपर्यंत वाचला. तेहतीस वर्षांच्या नोकरीत लेओनार्डनी असं कधी केलं नव्हतं.

“सेबो,” तो अदबीने साहेब म्हणावं तसं म्हणाला, “यात लिहिलंय की मिरवणुकीत एका माणसाला मारहाण होणार.”

“होय अफांदे,” लेओनार्ड पोलिसांना म्हणायच्या अदबीने म्हणाले, “येशूला.”

“त्याची काही तक्रार?”

“नाही. तो मुकाट्याने सहन करतो. मुद्दाच तो आहे.”

“मारणारे कोण?”

“सैनिक.”

अंमलदाराने पेन खाली ठेवलं. “कुठल्या तुकडीचे?”

“रोमन, अफांदे. पुठ्ठ्याचे. म्हणजे शिरस्त्राणं पुठ्ठ्याची. आतली पोरं गायनवृंदाची.”

“सैनिकी गणवेश घालणं हा गुन्हा आहे.”

“गणवेश म्हणजे घागरा आहे हो. त्यांच्या बहिणींचा.”

हे सगळं नोंदवून घेण्यात आलं. मग नकाशा मागितला. दुसऱ्या दिवशी नकाशा नेला तर सहभागी व्यक्तींची यादी मागितली. तिसऱ्या दिवशी यादी नेली. अंमलदाराने ‘शिमोन: एक’ या ओळीखाली बोट ठेवलं. “हा गर्दीतून ऐनवेळी पकडला जातो म्हणता. मग त्याचं नाव आधीच यादीत कसं?” आयुष्यभर आपण लोकांशी असंच वागलो असू का, हा विचार लेओनार्डना प्रथमच शिवला, आणि प्रायश्चित्ताच्या त्या दिवसांत तो बराच खोल गेला. पाचव्या दिवशी परवानगी मिळाली. बंदोबस्ताला अंमलदार जातीने येणार होता.

पाम संडेला, म्हणजे गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी, चर्चमधली मिस्सा संपल्यावर फादरांनी त्यांना चर्चमागे नेऊन क्रूस दाखवला. जुन्याला वाळवी लागली होती. सुताराला ‘हलका कर’ म्हणून बजावलं होतं, पण तो भाविक निघाला. प्रभूचा क्रूस हलका करायचा म्हणजे पाप, असं म्हणून त्याने नुकत्याच तोडलेल्या निलगिरीचे दोन ओले वासे जोडले होते. लेओनार्डनी एक टोक उचलून बघितलं आणि परत ठेवलं.

“वाळेल तोवर,” फादर म्हणाले.

“पाच दिवसांत?”

“श्रद्धा ठेवा, सालोंगो.”

एप्रिल म्हणजे तिकडे पावसाचे दिवस. त्या पाचही दिवशी पाऊस पडला.

गुड फ्रायडेला दुपारी तीन वाजता मिरवणूक निघाली तेव्हाही आभाळ गळत होतं. लेओनार्ड पेट्रोल पंपावर उभे होते, अंगात दिवाणखान्याच्या जुन्या पडद्याचा झगा, खांद्यावर कुदळ. दोन मोटारींच्या चालकांनी त्यांना रस्ता विचारला आणि एकाने कुदळ विकायची आहे का तेही विचारलं. शेवटी गाणं ऐकू आलं, मग छत्र्या दिसल्या, मग देओग्रासियस. बिचाऱ्याची दाढी गळ्याला चिकटली होती आणि चेहरा असा झाला होता की अभिनयाला जागाच उरली नव्हती. सैनिकांच्या शिरस्त्राणांचा लगदा होऊन कानांवर आला होता.

“ए, तू! इकडे ये!” सैनिक लेओनार्डवर धावले.

लेओनार्डनी क्रूसाकडे पाहिलं. तो पाणी पिऊन काळा पडला होता. डावा पाय, मान, नजर, मास्तरांचं सगळं शिक्षण त्यांच्या डोक्यातून गेलं आणि आतून आपोआप आलं, “नको रे बाबांनो.” इतकं खरं, इतकं थकलेलं ‘नको’ त्या गावाने अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. बायकांनी रुमाल डोळ्यांना लावले. तोवर क्रूस त्यांच्या खांद्यावर आला होता आणि मानेतून काहीतरी ‘कट’ असं वाजलं होतं.

आता देओग्रासियस. ओझं उतरल्याच्या आनंदात त्याने एक लांब ढांग टाकली, ती पंपासमोर सांडलेल्या डिझेलवर पडली, आणि तो पाय मुरगळून सपशेल आडवा झाला. प्रभू दुसऱ्यांदा पडतो ते सातव्या थांब्याला. हा पाचवाच होता. पण लोकांनी तेवढा हिशेब ठेवला नाही. ते गुडघ्यांवर बसले आणि गाऊ लागले.

“अहो, खरंच पडलोय!” देओग्रासियस ओरडला.

लोकांना हुंदके आवरेनात.

“पाय मोडला माझा, आई गं!”

हे ऐकून मारियेची भूमिका करणारी बाईसुद्धा, जी एरवी फार अवघडायची, धाय मोकलून रडली. शेवटी अंमलदाराने पुढे होऊन पाय दाबून बघितला आणि किंकाळीवरून दुखापत खरी असल्याची खात्री केली. देओग्रासियसला मोटारसायकलवर घालून दवाखान्यात नेलं. उरला क्रूस, आणि त्याच्याखाली लेओनार्ड.

“चालत राहा, सालोंगो,” फादर कानाशी कुजबुजले.

लेओनार्ड चालले. हाजींचं दुकान आलं. हाजी दारात हात जोडून उभे होते. “चाळीस झाली, फादर,” लेओनार्ड म्हणाले.

“पुढच्या थांब्यापर्यंत फक्त. लोक बघतायत.”

पुढच्या थांब्याला फादर पुन्हा म्हणाले, “पुढच्या थांब्यापर्यंत.” कचेरीत माणसाला जसं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतात, तसं त्यांनी लेओनार्डना आठव्या थांब्यापर्यंत नेलं. कुणी मदतीला येईना. सालोंगोंनी नवस बोललाय, अशी मागे बातमी पसरली होती, आणि दुसऱ्याच्या नवसात हात घालायचा नाही एवढी शिस्त त्या गावात होती. सैनिकांनी मात्र भूमिका सोडली नव्हती. केळीच्या सोपटाचे त्यांचे चाबूक भिजून सणसणीत लागत होते.

“हळू रे! तुझ्या बापाला ओळखतो मी!”

“बाबाच म्हणाले, नीट मार,” सैनिक म्हणाला.

टेकडी सुरू झाली. लाल चिखल. नवव्या थांब्याला लेओनार्ड दोन्ही गुडघ्यांवर बसले. तिथं तिसऱ्यांदा पडायचंच असतं, त्यामुळे फादरांना समाधान वाटलं. पण ते उठेनात. पावसाचं पाणी डोळ्यांत जात होतं. त्यांना वाटलं, इथंच बसावं. ईस्टर होऊ दे, पेंटेकॉस्ट होऊ दे, आपण इथंच बसावं.

“उजवा खांदा!” गर्दीतून कुणीतरी खेकसलं. “डाव्यावर कशाला घेतलाय? बोजा उजव्यावर घ्यायचा असतो!”

मुत्याबा मास्तर छत्री घेऊन पुढे आले. खाली बसलेल्या लेओनार्डकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं. मग छत्री आणि काठी दोन्ही पर्पेचुआबाईंच्या हातात दिली आणि क्रूसाचं मागचं टोक उचललं.

“मास्तर, गुडघा,” लेओनार्ड म्हणाले.

“गुडघा माझा आहे. उठा.”

तेवढ्यात अंमलदार आला. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत परवानगीचा कागद होता. “फादर, यादीत शिमोन एकच आहे.”

फादर अकिलेओ शांत माणूस. पण तेही सकाळपासून उपाशी होते. “अफांदे,” ते म्हणाले, “एक तर तुम्ही तिसरे व्हा, नाही तर वाट सोडा.” अंमलदाराने कागद खिशात घातला, थोडा विचार केला, आणि आडव्या वाशाला एक हात लावला. पुढे त्याने अहवालात याला ‘गर्दीचं नियंत्रण’ म्हटलं.

वर जाईपर्यंत पुढचा शिमोन आणि मागचा शिमोन हळू आवाजात भांडत होते. एवढं हळू की खालून लोकांना ते प्रार्थना करतायत असं वाटलं.

“जोरात ओढू नका.”

“मी ओढत नाही, तुम्ही ढकलताय.”

“मास्तर, तुम्ही हे अकरा वर्षं कशासाठी केलंत हो?”

मागून मास्तरांच्या धापांचा आवाज येत होता. “शाळा सुटली,” ते म्हणाले. “मग ही गेली. घरात आवाज नाही, क्लार्कसाहेब. वर्षातून एक दिवस एवढ्या गर्दीतून लोक मलाच शोधून काढायचे. ‘ए, तू! इकडे ये!’ बरं वाटायचं ऐकायला.”

लेओनार्डनी क्रूस जरा आपल्या बाजूला ओढून घेतला.

“आता ओढताय,” मास्तर म्हणाले.

टेकडीवर क्रूस उभा राहिला तेव्हा दुसरी अडचण लक्षात आली: चढवायला येशू नव्हता. फादर लोकांकडून जपमाळ म्हणवून घेत वेळ काढू लागले. तेवढ्यात खालून मोटारसायकल फाटफाट करत आली आणि मागे एकाच बाजूला पाय सोडून देओग्रासियस बसलेला, पायाला हे एवढं बँडेज, झगा कमरेला खोचलेला. “मेलो नाही ना मी अजून?” त्याने विचारलं. त्याला उचलून वर टेकवला. त्या वर्षीचं मरण फार परिणामकारक झालं, असं सगळ्यांचं मत पडलं.

शनिवार लेओनार्डनी पालथे पडून काढला. रविवारी सकाळी त्यांना उताणं करता आलं, एवढी प्रगती होती. मुली कंपालाहून आल्या होत्या. पर्पेचुआबाईंनी पहाटेच कोंबडीचे तुकडे शेंगदाण्याच्या रश्श्यात घालून, केळीच्या पानांत एकेकासाठी पुड्या बांधून वाफेवर चढवल्या होत्या. सात माणसांच्या सात पुड्या. त्यांनी आणि मुलींनी फुगीर बाह्यांचे रेशमी झगे घातले, लेओनार्डना पांढरा सणाचा झगा चढवून व्हरांड्यात चटईवर ठेवलं आणि त्या मिस्सेला गेल्या. फादर, मुत्याबा मास्तर आणि अंमलदार जेवायला येणार होते.

घंटा वाजल्या. सगळी गल्ली रिकामी झाली. थोड्या वेळाने दोन काठ्यांचा आवाज आला. मुत्याबा मास्तर. त्यांनाही झगा होता, त्यांनाही मिस्सेला जाववलं नव्हतं. ते शेजारच्या चटईवर बसले, म्हणजे शेवटची वीतभर पडलेच.

स्वयंपाकघरातून वास येत होता. चाळीस दिवस घेवडे खाल्लेल्या माणसांना तो वास कसा येतो, हे ज्याने घेवडे खाल्लेत त्यालाच कळेल.

“झालं असेल का शिजून?” मास्तर म्हणाले.

“बघायला हवं. करपलं तर नालोंगो मला जबाबदार धरतील.”

लेओनार्ड रांगत आत गेले आणि एक पुडी घेऊन रांगत बाहेर आले. उघडून बघितली. शिजलं होतं. पण एका पुडीवरून सगळ्यांचा अंदाज बांधणं मास्तरांना शास्त्रीय वाटेना. दुसरीतही शिजलं होतं. तिसरीनंतर कुणी कारण दिलं नाही.

मिस्सा लांबली. ईस्टरची मिस्सा लांबतेच. फाटक वाजलं तेव्हा व्हरांड्यात सात केळीची पानं पसरलेली होती आणि मध्ये पांढऱ्या झग्यांतले दोन म्हातारे बोटं चाटत होते. पर्पेचुआबाई दारातच थांबल्या. मागे मुली, मागे फादर, मागे साध्या कपड्यांतला अंमलदार.

“प्रभू उठला आहे!” फादर आनंदाने म्हणाले. त्यांचं लक्ष अजून पानांकडे गेलं नव्हतं.

“खरोखर उठला आहे,” दोघांनी बसल्या जागेवरून उत्तर दिलं. त्यांनी उठायचाही प्रयत्न केला, पण ते जमलं नाही.

पर्पेचुआबाईंनी एकेक पान बोटाने मोजलं. मग त्या पायरीवर बसल्या, चर्चचे बूट काढले आणि फादरांकडे न बघता म्हणाल्या, “फादर, उपासकाळ एक दिवस वाढवता येतो का?”

फादरांनी आता पानं बघितली. “नाही, नालोंगो,” ते खिन्नपणे म्हणाले.

“मग केळी आहेत.” त्या आत गेल्या, कच्च्या केळ्यांचा एक अख्खा घड ओढत बाहेर आणला, आणि दोन सुऱ्या दोघा शिमोनांपुढे ठेवल्या. “बसल्या बसल्या सोलता येतं.”

त्यांनी सोलायला सुरुवात केली. चीक पांढऱ्या झग्यांवर ओघळू लागला. अंमलदार जवळ येऊन उभा राहिला आणि किती वेळ लागेल याचा मनात अंदाज घेऊ लागला. ऊन चढत होतं.

“साल फार जाड काढताय, क्लार्कसाहेब,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, तुम्ही तुमचं बघा.”

“बघतोच आहे. अशाने घड निम्मा वाया जाईल.”

“जाऊ दे वाया,” आतून पर्पेचुआबाईंचा आवाज आला. “अजून दोन घड आहेत.”